६१२ फोटोंचा रिपोर्ट स्क्रिप्टने बनवताना चाळीस मिनिटं लागतायत, वेग कसा वाढवू?

तुळई

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलवाला, पायथन कामापुरतं स्वतःच शिकलोय. ठाण्यात आम्ही सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी ऑडिट करावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे, त्यामुळे काम भरपूर असतं आणि रिपोर्टचा सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे शेवटचं फोटोंचं परिशिष्ट. प्लास्टर सुटलंय, सळई उघडी पडलीये, टेरेसखाली ओल आलीये, प्रत्येकाचा फोटो आणि खाली फ्लॅट नंबर, जागा, शेरा.

हे आधी एक मुलगा दोन-दोन दिवस बसून वर्डमध्ये चिकटवायचा. मी पायथन-डॉक्स ही पायथनमधून वर्डची फाइल बनवायची लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलमधून शेरे वाचायचे, फोल्डरमधून फोटो उचलायचे, दोन कॉलमच्या टेबलात टाकायचे, रुंदी ८ सेंमी. ५०-६० फोटोंच्या सोसायट्यांना पाऊण मिनिटात काम होतंय, वर्षभर मस्त चाललं.

आता सात विंगची सोसायटी आलीये, ६१२ फोटो. मी हिशेब केला दहापट फोटो म्हणजे आठ मिनिटं लागतील, तर चाळीस मिनिटं लागली, लॅपटॉप अक्षरशः गोठला, आणि शेवटी जी फाइल बनली ती सव्वादोन जीबीच्या पुढे, वर्ड ती उघडतच नाही. लॅपटॉप जुना आहे, रॅम ८ जीबी. नवीन घ्यावा लागेल का? का स्क्रिप्टमध्येच काही चुकतंय? फोटो तर मी ८ सेंमीला लहान करूनच टाकतोय.

अर्धविराम

लॅपटॉप घेऊ नका इतक्यात. तुमचं शेवटचं वाक्य आहे ना, तिथेच पहिली गडबड आहे. रुंदी ८ सेंमी दिली म्हणजे फोटो लहान होत नाही, फक्त कागदावर किती जागेत दाखवायचा ते एका आकड्यात लिहिलं जातं. आतमध्ये मूळ चार एमबीचा फोटो जसाच्या तसा जातो. खात्री करायची असेल तर एखाद्या जुन्या रिपोर्टची प्रत काढा, तिचं नाव बदलून शेवटी झिप करा आणि उघडा, डॉक्स, म्हणजे वर्डची फाइल, ही शेवटी झिपच. आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर सापडेल, त्यात तुमचे सगळे फोटो पूर्ण साइझचे पडलेले दिसतील. आणि वर्डची फाइलची मर्यादा ५१२ एमबी आहे, त्यामुळे ही फाइल कुठल्याच लॅपटॉपवर उघडणार नाही.

पण मला जास्त रस आहे तो दहापट फोटोंना पन्नासपट वेळ का लागला यात. त्यासाठी अंदाज नको, मोजा. पायथनसोबत सी-प्रोफाइल येतं, कुठल्या भागाला किती वेळ लागला ते मोजणारं, स्क्रिप्ट त्याच्यातून चालवा, एकूण वेळेनुसार क्रम लावा आणि वरच्या पाच-सहा ओळी इथे सांगा.

पाटीपेन्सिल

मी हेच काम वर्डच्या मॅक्रोने करतो. मॅक्रोवाल्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो, सुरुवातीला स्क्रीन अपडेटिंग बंद करा आणि बॅकग्राउंडला पानं पुन्हापुन्हा मोजणं बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर वर्ड सगळी पानं नव्याने मांडत बसतो. शेवटी दोन्ही परत चालू करायला विसरू नका. पायथनमध्ये वर्ड उघडतच नाही त्यामुळे तुळई यांना याचा उपयोग नाही.

तुळई

झिप करून बघितलं, खरंच सगळे मूळ फोटो आत आहेत! वर्षभर मी सोसायट्यांना अडीचशे एमबीच्या फाइली पाठवत होतो आणि त्यांना उघडायला वेळ लागतो म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरला दोष देत होतो, वाईट वाटलं.

काल रात्री प्रोफाइल लावून पूर्ण ६१२ चालवलं. सगळ्यात वर शा-वन हॅश नावाचं काहीतरी आहे, एकट्याला पंचवीस मिनिटांच्या वर. त्याखाली झिप कॉम्प्रेशन, मग टेबलाच्या सेल्स. मी हॅश वगैरे कुठेच वापरलेलं नाही.

अर्धविराम

तुम्ही नाही वापरलं, लायब्ररी वापरते, आणि त्यामागे चांगला हेतू आहे. समजा तुमचा लोगो रिपोर्टमध्ये पन्नास जागी आला, तर तो पन्नास वेळा साठवू नये म्हणून नवीन चित्र आलं की पायथन-डॉक्स त्याचा हॅश, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटवरून बनणारा ओळखीचा छोटा ठसा, काढतं आणि आधीच्या सगळ्या चित्रांच्या हॅशशी ताडून बघतं. जुळला तर जुनंच वापरतं. इथपर्यंत ठीक. अडचण अशी की आधीच्या चित्रांचे हॅश ते लक्षात ठेवत नाही, दर वेळी नव्याने काढतं. म्हणजे ३०० वा फोटो टाकताना आधीचे २९९ फोटो पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत परत वाचले जातात, ३०१ व्याला परत ३००.

हिशेब करून बघा. ६० फोटोंना ६० गुणिले ५९ भागिले २ म्हणजे १७७० वेळा, गुणिले ४ एमबी, साधारण ७ जीबी. ६१२ फोटोंना १ लाख ८६ हजार ९६६ वेळा, गुणिले ४ एमबी, जवळजवळ ७५० जीबी. फोटो दहापट झाले पण हॅशचं काम शंभरपट झालं. तुमचा साठ फोटोंचा वेळ वाचन आणि झिपमध्येच जात होता म्हणून हे वर्षभर दिसलंच नाही.

सेल्सचंही तसंच. टेबलातला एकेक सेल ओळ-कॉलम नंबर देऊन मागितला की दर वेळी ती लायब्ररी सगळ्या टेबलाच्या सेल्सची यादी नव्याने बनवते. तुमच्या टेबलात फोटोची ओळ आणि शेऱ्याची ओळ धरून ६१२ ओळी, १२२४ सेल. प्रत्येकासाठी १२२४ ची यादी, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास. यावर उपाय सोपा आहे, एकच लांबलचक टेबल करू नका, दर पानाला चार फोटोंचं छोटं टेबल करा. पान तुटतानाही बरं दिसतं, फोटो एका पानावर आणि शेरा दुसऱ्यावर असं होत नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी फोटो खरोखर लहान करा, मग टेबलं छोटी करा, मग परत मोजा.

तुळई

इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. आज पिलो ही फोटोंवर काम करायची पायथनची लायब्ररी वापरून लहान करायचं लिहिलं. फोटो उघडायचा, आडवा-उभा सरळ करायचा, १००० पिक्सेलला रिसाइझ, आणि पीएनजी म्हणून सेव्ह, कारण जेपेग परत जेपेग केलं की क्वालिटी जाते असं ऐकलं होतं. टेबलंही पानागणिक केली. चाळीसवरून अठरा मिनिटांवर आलो! पण फाइल अजून आठशे एमबी आहे, वर्ड अजूनही उघडत नाही. आणि आता लहान करायलाच आठ मिनिटं जातायत.

अर्धविराम

पीएनजी सोडा. पीएनजी रेखाटनांना, स्क्रीनशॉटला, नकाशाला उत्तम, कॅमेऱ्याच्या फोटोला नाही. भिंतीचा फोटो म्हणजे सगळीकडे बारीक दाणेदारपणा, पीएनजी त्यातला प्रत्येक दाणा जपायला जातं, म्हणून फाइल पाच-सहापट होते आणि सेव्ह करायलाही वेळ खातं. जेपेग, क्वालिटी ८५. पिलो न सांगता ७५ घेतं, तुमच्या कामाला ८५ ठेवा. एकदा लहान करून एकदाच सेव्ह करताय, त्यात डोळ्याला दिसेल असं काही जात नाही.

दुसरं म्हणजे क्रम. चार हजार बाय तीन हजारचा फोटो पूर्ण उघडला की मेमरीत ३६ एमबी होतो. तुम्ही आधी सरळ करताय, म्हणजे पूर्ण ३६ एमबी उघडून, फिरवून, मग लहान करताय. उलट करा, आधी लहान, मग सरळ. आणि जेपेगची एक खास सोय आहे जी फार कमी लोक वापरतात, ती म्हणजे ड्राफ्ट. फोटो उघडल्या उघडल्या, त्याला हात लावायच्या आधी, ड्राफ्टला सांगायचं की मला २००० बाय १५०० पुरेल. मग जेपेग उलगडतानाच निम्म्या मापात उलगडला जातो, पूर्ण आधी करून मग लहान असं होत नाही. ३६ च्या जागी ९ एमबी. हे निम्मं, चौथाई, आठवा हिस्सा असंच मिळतं, मधलं माप मिळत नाही, तुम्ही मागितलं त्याहून लहान मात्र कधी देत नाही. त्यानंतर पिलोच्या थंबनेल या लहान करायच्या सोयीने १००० वर आणा, शेवटी एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली तारीख, आडवा-उभा वगैरे माहिती) बघून सरळ करा. ओळी तेवढ्याच, फक्त वर-खाली होतील.

घाटमाथा

मी तीस वर्षं ऑडिटमध्ये आहे. प्रोग्रामिंगचं मला कळत नाही, पण इथे सगळे फोटो लहान करायला निघालेत म्हणून लिहितोय. आपल्या रिपोर्टमधला फोटो हा पुरावा असतो. उद्या कॉलमची भेग वाढली का नाही यावरून वाद झाला तर हाच फोटो काढून बघणार. ०.३ मिमीची भेग १००० पिक्सेलमध्ये दिसणार आहे का? वेगासाठी पुरावा पुसट करू नका.

तुळई

घाटमाथा सर, मलाही हीच धाकधूक आहे, म्हणूनच पीएनजी केलं होतं.

अर्धविराम

सर, मुद्दा अगदी रास्त आहे, आणि तो मोजताही येतो. ८ सेंमीच्या चौकटीत ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायचं तर ९४५ पिक्सेल लागतात, म्हणून मी हजार धरले. छापील कागदावर याहून जास्त काही उमटणार नाही, मूळ फोटो टाकला तरी नाही. पण भेगेचं तुम्ही म्हणता ते अंतरावर आहे. समजा फोटोच्या चौकटीत १.२ मीटर भिंत आलीये. मूळ ४००० पिक्सेलमध्ये एक पिक्सेल म्हणजे ०.३ मिमी, भेग कशीबशी एका पिक्सेलची. हजारवर आणली की एक पिक्सेल १.२ मिमीचा, भेग गेली. तेच जवळ जाऊन २० सेंमीची चौकट घेतली तर मूळ फोटोत एक पिक्सेल ०.०५ मिमी, आणि हजारवर आणूनही ०.२ मिमी. भेग दिसते.

म्हणजे लांबून काढलेल्या फोटोवरून भेगेची रुंदी मूळ फोटोतही सांगता येत नव्हती. मला वाटतं एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवावा, 'जवळचा' असं. ज्या ओळीत ते असेल तो फोटो पानाच्या पूर्ण रुंदीला, १६ सेंमी, २००० पिक्सेल. बाकी सगळे हजार.

घाटमाथा

हे पटलं. साइटवर आम्ही हेच शिकवतो, एक लांबून, जागा कळण्यासाठी, आणि एक जवळून, भेगेवर मोजपट्टी ठेवून. नवीन मुलं लांबूनच चार काढतात आणि म्हणतात झूम करा. मूळ फोटो मात्र नंबरासकट वेगळे जपा, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक फोटोखाली तोच नंबर हवा. तारीखही.

अर्धविराम

तारखेवरून आठवलं, महत्त्वाचं आहे. पिलो सेव्ह करताना एक्झिफ आपोआप पुढे नेत नाही, लहान केलेल्या फोटोतून काढल्याची तारीख जाते. तेव्हा लहान करायच्या आधीच ती वाचून शेऱ्यात घाला. आणि साइटवरून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवत असतील तर ते तिथेच दाबले जातात आणि तारीखही तिथेच पुसली जाते, मग घाटमाथा सरांचा पुरावा तुमच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

जाईजुई

वाचतेय सगळं, छान चाललंय. मी डीटीपी करते, दिवाळी अंकांचा सीझन आला की इनडिझाइनमध्ये स्क्रिप्टने शेकडो चित्रं लावते. तिथेही सेम त्रास होता. आमच्याकडे फरक पडला तो स्क्रिप्ट चालू असताना स्क्रीन रंगवणं बंद केल्याने, प्रीफ्लाइट (छपाईआधी चुका शोधणारी तपासणी) बंद केल्याने, आणि अनडूची प्रत्येक पायरी न साठवता सगळ्या स्क्रिप्टची एकच पायरी धरायला सांगितल्याने. इनडिझाइन चित्र आत घेत नाही, लिंक ठेवतं, म्हणून फाइल फुगायचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. तुळई, वर्डमध्ये पण लिंक ठेवता येते ना?

पाटीपेन्सिल

येते ताई, पण फाइल दुसऱ्याला पाठवली की फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटोंचा फोल्डरही त्याच जागी ठेवा म्हणून सांगणं शक्य नाही. यांच्या कामाला फोटो आतच पाहिजेत.

शून्यापासून

थोडं विषयाला सोडून विचारतो. मी गूगल डॉक्समध्ये अ‍ॅप्स स्क्रिप्टने असाच रिपोर्ट करतो, शाळेच्या दुरुस्तीच्या कामाचा, फोटो ड्राइव्हवर असतात. ७०-८० फोटो झाले की सहा मिनिटं संपतात आणि स्क्रिप्ट मधेच मरते. काही करता येईल का?

अर्धविराम

सहा मिनिटांची मर्यादा गूगलचीच आहे, ती वाढणार नाही. पण तुम्ही ड्राइव्हवरून मूळ फोटो ओढताय, तिथेच वेळ जातो. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये चित्र लहान करायची स्वतःची सोय नाही, पण ड्राइव्ह प्रत्येक फोटोची थंबनेल देतं आणि तिच्या पत्त्यात किती रुंदी हवी ते सांगता येतं. १००० रुंदीची मागा आणि तीच डॉक्समध्ये टाका. त्यातूनही वेळ संपत असेल तर तुकडे करा, ३० फोटो झाले की कितव्यापर्यंत आलो ते स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये लिहून ठेवा आणि ट्रिगर लावून पुढच्या मिनिटाला तिथून परत सुरू करा.

शून्यापासून

थंबनेलचं माहीतच नव्हतं. आजच करून बघतो, धन्यवाद.

तुळई

अपडेट देतो. जेपेग ८५, ड्राफ्ट, क्रम उलटा, 'जवळचा' कॉलम, सगळं केलं. साधे फोटो दोनशे केबीच्या आत आले, जवळचे अर्थातच मोठे आहेत. लहान करायला दीड मिनिट, पूर्ण रिपोर्ट चार मिनिटांच्या खाली, आणि फाइल वर्डमध्ये उघडली!! घाटमाथा सरांनी सांगितल्याप्रमाणे मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर नंबर देऊन ठेवलेत.

दोन शंका. एक, लॅपटॉपला चार कोर आहेत पण लहान करताना एकच चालताना दिसतो. दोन, सोसायटीला पीडीएफ द्यायची असते, तर मधला वर्ड काढून सरळ रिपोर्टलॅब या पायथनच्या लायब्ररीने पीडीएफ केली तर अजून वेगात होईल का? शेरे मराठीत आहेत.

अर्धविराम

पहिल्याचं उत्तर, प्रोसेस पूल वापरा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या पायथनच्या वेगवेगळ्या प्रोसेस, त्यांना मी कामगार म्हणतो. चार कामगार, प्रत्येकाला फोटोचा पत्ता द्यायचा, त्याने लहान करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. वर्डची फाइल मात्र एकानेच भरायची, तिथे चौघांनी एकदम हात घातला तर गोंधळ होईल. म्हणजे आधी सगळे फोटो तयार, मग एका रांगेत भरणं. विंडोजवर असाल तर मुख्य भाग 'नेम बरोबर मेन' वाल्या अटीच्या आत ठेवायलाच हवा, नाहीतर प्रत्येक कामगार पूर्ण स्क्रिप्ट परत चालवायला घेतो आणि एररची रांग लागते. आणि फोल्डरमध्ये लहान फोटो आधीच असेल आणि मूळ फोटो त्यानंतर बदलला नसेल तर सोडून द्या. शेऱ्यात एक शब्द बदलला म्हणून ६१२ फोटो परत करायची गरज नाही, रोजच्या वापरात याचाच फायदा सगळ्यात जास्त जाणवेल.

दुसऱ्याचं, रिपोर्टलॅब फोटोंच्या बाबतीत खूप छान आहे, जेपेग न उलगडता तसाच आत ठेवतं, त्यामुळे वेग जबरदस्त. पण मराठीसाठी घाई करू नका.

जाईजुई

हो, हे मी सांगते. साध्या पद्धतीने केलं तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, 'भिंत' शब्द वाचवत नाही. ज्या रिपोर्टमध्ये शंभर वेळा भिंत लिहिलंय तिथे हे चालणार नाही. मी एका संस्थेचा अहवाल असा छापायला आलेला बघितलाय, अख्खा परत करावा लागला. डॉक्स बनवून लिब्रेऑफिसने पीडीएफ करा, मराठी नीट येतं. किंवा वीझीप्रिंट आहे, त्याला एचटीएमएल दिलं की मराठी बरोबर मांडतं, आणि फोटोंचा डीपीआय किती ठेवायचा तेही सांगता येतं.

पाटीपेन्सिल

लिब्रेऑफिस खिडकी न उघडता कमांडवरून चालतं, हेडलेस म्हणतात. फक्त त्या वेळी त्याची दुसरी खिडकी उघडी ठेवू नका, बऱ्याचदा काहीच न करता परत येतं आणि माणूस पीडीएफ शोधत बसतो.

अर्धविराम

अजून एक, सात विंगची एकच फाइल करायची सक्ती आहे का? विंगप्रमाणे वेगळी डॉक्स केली तर प्रत्येकात ८७-८८ फोटो. हॅशची तुलना १ लाख ८७ हजारांवरून २६ हजारांवर येते, कारण प्रत्येक फाइल स्वतःपुरतंच बघते. शेवटी सात पीडीएफ जोडायच्या. हॅश लक्षात ठेवायला लावणारा बदल लायब्ररीतच करता येतो, पण उद्या लायब्ररी अपडेट केली की तो तुटू शकतो आणि तेव्हा कुणाला आठवणार नाही हे का केलं होतं. फाइली वेगळ्या करणं साधं आहे, तुमच्यानंतर स्क्रिप्ट सांभाळणाऱ्यालाही कळेल.

घाटमाथा

विंगप्रमाणेच द्यावा रिपोर्ट. प्रत्येक विंगचा निष्कर्ष वेगळा असतो, एक दुरुस्तीयोग्य आणि शेजारची धोकादायक असं होतं. पानांचे नंबर मात्र सलग ठेवा.

तुळई

केलं! विंगप्रमाणे सात फाइली, चार कामगार, मग लिब्रेऑफिस, मग जोडणी. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत, दुसऱ्यांदा एका विंगचे शेरे दुरुस्त करून चालवलं तर पाऊण मिनिट. पानांचे नंबर प्रत्येक फाइलच्या सेक्शनमध्ये सुरुवातीचा आकडा देऊन सलग केले, त्यासाठी आधीच्या विंगची पीडीएफ होऊ द्यावी लागते, मग तिची पानं मोजून पुढचा आकडा. एवढाच भाग रांगेत चालतो.

काल सोसायटीच्या मीटिंगला पीडीएफ पडद्यावर लावली. सी विंगच्या पार्किंगमधल्या कॉलमचा जवळचा फोटो आला आणि मोजपट्टीवरचे आकडे मागच्या खुर्चीवरून वाचता आले. दुरुस्तीचा ठराव त्याच मीटिंगमध्ये झाला.

एक राहिलं, दोन मुलांचे आयफोन आहेत, त्यांचे एचईआयसी फोटो पायथन-डॉक्स घेत नाही, सध्या हाताने बदलतोय.

अर्धविराम

पिलो-हीफ नावाची जोड लायब्ररी टाका, स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदा रजिस्टर केली की पिलो एचईआयसी नेहमीच्या फोटोसारखं उघडतं. शेवटी तुम्ही जेपेगच सेव्ह करताय, त्यामुळे पुढे काही बदलायला नको. फक्त ड्राफ्टची सोय जेपेगपुरतीच आहे, ते फोटो थोडे सावकाश होतील. पूल वापरताय तर रजिस्टर करायची ओळ फाइलच्या अगदी वर, इम्पोर्टच्या खाली ठेवा, म्हणजे प्रत्येक कामगाराला ती मिळेल.